वडिलांच्या रेसिंग सायकलची फ्रेम न विचारता कापल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

गेल्या महिन्यात मी माझ्या वडिलांची स्टीलची जुनी रेसिंग सायकल सिंगल स्पीड, म्हणजे एकाच गिअरची, करून घ्यायला तुमच्या पुण्यातल्या वर्कशॉपमध्ये दिली. याच सायकलवर बाबा मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढले होते. पुढे ऑफिसला जाण्यासाठी त्यांनी तिला कॅरिअर, स्टँड, डायनॅमो लावला. तेवढं आणि गिअर काढायचे, फ्रेमला हात लावायचा नाही, असं मी जॉबकार्डवर लिहून घेतलं होतं. त्याची प्रत सोबत आहे.

सायकल परत आली तेव्हा खालच्या नळीवरचे, गिअर बदलायच्या लिव्हर ज्यांवर बसतात ते दोन्ही खुंट ग्राइंडरने उडवलेले होते. मडगार्ड अडकवायचे मागचे कानही गेले. कॅरिअर नटबोल्टवर असतो, आज काढला तर उद्या लावता येतो. खुंट मात्र कारखान्यात झाळून बसवलेले असतात. ते नको असतील तर त्यांवर टोपी घालतात, कापत नाहीत. चांगल्या रेसिंग फ्रेमची नळी टोकांना जाड आणि मधे पातळ असते, एक मिलिमीटरहूनही कमी. माझ्या नळीवर बोट फिरवलं की खळगा लागतो. घाट उतरताना ही नळी दगा देणार नाही, हे मला लेखी कोण देणार?

दुसरी गोष्ट मागच्या चाकाची. मागच्या चाकाचा आस बसतो त्या फ्रेमच्या खाचा आडव्या आहेत, चाक मागेपुढे सरकवून चेन ताणता येते, म्हणजे काम सरळ होतं. खाचांमधलं अंतर १२६ मिमी, तुम्ही बसवलेला हब (चाकाचा मधला भाग) १२० मिमीचा. दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटरचे वॉशर टाकायचे, एवढंच. त्याऐवजी नट आवळून फ्रेमच दाबली. मी पुढच्या नळीपासून मागच्या खाचांपर्यंत दोरी ताणून सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजलं, तर चार मिलिमीटरचा फरक निघाला. चेन तिरकी धावते आणि स्वारगेटच्या चौकात दोनदा पडली. मागून बस येत होती.

काउंटरवर मला सांगण्यात आलं, "जुनी फ्रेम आहे, असं होतंच." जुनी होती म्हणूनच तर मी इतकं नीट लिहून दिलं होतं.

मला मजुरीची पूर्ण रक्कम परत हवी. फ्रेम सरळ करून, नळी तपासून, खुंट आणि कान पुन्हा झाळून घेण्याचा खर्चही तुम्ही द्यावा. ते काम मी माझ्या पसंतीच्या कारागिराकडून करून घेईन. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आणि काढलेले गिअर, लिव्हर, डायनॅमो भंगारात गेले नसतील तर आजच बाजूला काढून ठेवा. लिव्हरवर बाबांच्या अंगठ्याने झिजलेली जागा आहे. ते मी स्वतः येऊन घेऊन जाईन.

आपली,
एक ग्राहक, पुणे