पोराला नोटीस आलीय

कोल्हापूर

संज्या,

पत्र नाही म्हणून शिव्या घातल्या असशील. तब्येत बरी, गुडघा आहे तसाच.

आपल्या पोरानं पेपरात दिलेल्या टेंडरच्या बातमीवरून त्याला बदनामीची नोटीस आली. वकिलाची आहे, कोर्टाची नव्हे. पण आईनं देव पाण्यात घातलेत. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, दोन वर्षांपर्यंत साधी कैद. त्याची मला धास्ती नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ प्रमाणे आरोपीचं म्हणणं ऐकल्याशिवाय मॅजिस्ट्रेट खासगी तक्रारीची दखल घेत नाही. तक्रार रद्द करून घ्यायची तर ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच आहे, रात्रीची मुंबई गाडी वाचली.

घोर आहे तो फोनचा. समोरच्यानं कागदचोरीची फिर्याद दिली आणि तपास सुरू झाला, की त्याच संहितेच्या कलम ९४ खाली फोन मागतील. बातमीसाठी टेंडरचा कागद देणारा कारकून त्यातच सापडतो. पोरगं मेसेज पुसायला निघालं होतं! आता पुसलं तर पुरावा नष्ट केला म्हणतील. फोन द्यावाच लागला तर पंचनाम्यात हॅश, म्हणजे त्यातल्या माहितीचा डिजिटल ठसा, नोंदवून घे, म्हटलं.

प्रेस कौन्सिल कायद्याचं १५(२) सूत्राचं नाव राखतं, पण ते कौन्सिलपुरतं, कोर्टात नाही. बिंदू चौकात यावरून माझ्यावर केवढा तापला होतास! आता तरी मान.

दुसरं, त्याच्याकडं कागदाचा फोटो आहे तो व्हॉट्सॲपवरून आलेला. तिथं फोटो दाबला जातो, हॅश बदलतो, कधी काढला तेही पुसलं जातं. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र मूळ फोनवाल्यानं द्यायला हवं; म्हणजे पुन्हा कारकूनच. म्हणून त्याला माहिती अधिकारात तोच कागद मागायला लावलंय, तीस दिवसांची मुदत. कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्या बदनामी प्रकरणात टिळक-आगरकर बनावट पत्रांवर विसंबले आणि १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बसले. आपल्या दरबाराचंच प्रकरण ते.

मालकाला दिलगिरी छापून मोकळं व्हायचंय. १९७५ ला सेन्सॉरशिपचा हुकूम निदान कागदावर होता. आता जाहिरात विभागातून कुणीतरी म्हणतं, "जरा दमानं घ्या." आव्हान द्यायचं तरी कुठल्या हुकमाला? खुलासा छापा, समोरच्याची बाजू त्याच पानावर द्या, असं मी म्हणतोय. दिलगिरी म्हणजे कबुलीच. शिवाय बातमी खरी असून भागत नाही, लोकहितही दाखवावं लागतं.

लेकीचं ॲडमिशन झालं का? वहिनींना नमस्कार. घर बदललंस म्हणे, पत्ता कळव.

उत्तराचा मसुदा सोबत आहे. तिसरा परिच्छेद पोरानं रागात लिहिलाय, तेवढा काप. सोमवारच्या आत पाठव.

तुझा,
दाद्या