विरंगुळा केंद्राची किल्ली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१ ऑक्टोबरला, जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनी, आमच्या भागातल्या विरंगुळा केंद्रात शाल-श्रीफळ, भाषणं आणि शेवटी चहा-बटाटेवडा असा कार्यक्रम रीतीप्रमाणे झाला. (वडा चांगला होता.) समोर तीसेक पुरुष आणि आम्ही चौघी. पाहुण्यांनी ‘महिलांनी घराबाहेर पडायला शिकावं’ असा सल्ला दिला, म्हणून हे पत्र.

मी ७२ वर्षांची, टेलिफोन खात्यातली निवृत्त ऑपरेटर. केंद्र संध्याकाळी पाच ते साडेसात उघडं असतं. नेमका तेव्हा नातू शाळेतून आलेला असतो, सून यायची असते, कुकर लावायचा असतो. आम्हाला सवड दुपारी अडीच ते साडेचार, तेव्हा कुलूप. शिवाय केंद्र पहिल्या मजल्यावर. बावीस पायऱ्या, मोजल्यात मी, आणि कठडा एकाच बाजूला. बाथरूम खाली, त्याची किल्ली ज्यांच्याकडे असते ते बहुधा आलेले नसतात. या वयात घरून निघताना बाई आधी हाच विचार करते, पण सभेत हे बोलायचं कसं?

बाहेर पडायची हौस नाही म्हणाल, तर ऑगस्ट २०२२ पासून एसटीने पंच्याहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत केला, मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना अर्धं तिकीट. आमच्या शेजारच्या माई ७८ वर्षांच्या. दर महिन्याला साताऱ्याहून गोंदवल्याला एकट्या जाऊन येतात, पिशवीत पाण्याची बाटली आणि दशम्या घेऊन. त्याच माई चार मिनिटांवरच्या केंद्रात एकदाच आल्या. गुडघे धरत वर चढल्या. कॅरमभोवती मंडळी बसलेली. ‘या, बसा’ म्हणालं कोणी, पण बसायचं कुठे? पेपर चाळून उतरल्या.

यंदाच्या श्रावणापासून आम्ही सात-आठ जणी दुपारी मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर जमतो. भिशी नाही, भजनही रोज नाही. एकजण मोबाईलवरून वीजबिल भरायला शिकवते, एकीच्या हातात गव्हल्यांचं ताट, शब्दकोडं अडलं की सगळ्यांची भांडणं. कोणी दोन दिवस दिसली नाही, तर तिसऱ्या दिवशी आम्ही तिच्या दारात. फक्त पावसात ओसरी गळते.

केंद्राच्या तळमजल्यावर एक खोली आहे. तिथे वर्षभर समारंभाच्या खुर्च्या रचून ठेवलेल्या असतात. पदाधिकाऱ्यांनी ती दुपारचे दोन तास आम्हाला द्यावी आणि बाथरूमची किल्ली आमच्यातल्या एकीकडे ठेवावी. खुर्च्या हलवायला आमचे नातू येतील, त्यांना विचारून ठेवलं आहे.

– एक वाचक, सातारा