नकार येणार, हे आधीच सांगणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात आणून देता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहिते आहे. गोव्यात बोटीवर नोकरीला गेलेला माणूस घरोघरी सापडतो. परत पाठवलेला माणूसही काही घरांत आहे, फक्त त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. ५ फेब्रुवारी २०२५ला १०४ भारतीयांना घेऊन अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं, तेव्हा आमच्या आईने उठून टीव्ही बंद केला. बोटीवरून अमेरिकेत उतरून तिथेच राहिलेल्या माझ्या धाकट्या भावाला त्याच्याही आधी परत पाठवलं होतं, साध्या प्रवासी विमानाने. अशा एखाद्या घरातल्या कुणाच्या नजरेस हे पत्र पडावं, तुम्ही काय केलंत ते त्यांना कळावं, म्हणून हे उघड लिहिणं.

तो आला तेव्हा जो तो एकच सांगत होता: बायको अमेरिकन नागरिक आहे ना, मग ती बोलावून घेईल. तुमच्याकडे आलो तर तुम्ही आधी विचारलंत, "हद्दपारीच्या आदेशाचा कागद कुठे आहे?" त्याच्या बॅगेच्या तळाशी घडी पडलेला तो कागद तुम्ही ओळ न ओळ वाचलात, तो अमेरिकेतून कुठल्या तारखेला बाहेर पडला ते लिहून घेतलंत, कारण बंदीची वर्षं तिथून मोजली जातात. आणि मग आम्हाला कुणीच न सांगितलेली गोष्ट सांगितलीत. भावजयीने नवऱ्यासाठी करायचा नात्याचा अर्ज, म्हणजे आय-१३०, मंजूर झाला तर एवढंच ठरतं की लग्न खरं आहे आणि नातं कायद्यात बसतं. त्याच्यावरची बंदी त्याने उठत नाही. बंद्याही दोन: न्यायाधीशाच्या आदेशाने हद्दपार झाला म्हणून १० वर्षांची एक, आणि वर्षाहून जास्त काळ कागदाविना राहून बाहेर पडला म्हणून १० वर्षांची दुसरी. पहिलीसाठी आय-२१२ भरून परवानगी मागायची, दुसरीसाठी आय-६०१ भरून माफी. दोन्ही मिळाल्या तरच मुदतीआधी दार उघडणार.

भावजय तिकडे स्वतःला दोष देत बसली होती, की आपण वेळेवर अर्ज केला असता तर याला न्यायला कुणी आलंच नसतं. तुम्ही तिला फोनवर समजावलंत. बोटीचा कर्मचारी म्हणून जो उतरला, त्याला नागरिकाशी लग्न झालं तरी तिथेच राहून ग्रीन कार्ड घेण्याचा रस्ता जवळजवळ बंदच असतो. तिने काहीही केलं असतं तरी त्याला एकदा बाहेर यावंच लागलं असतं. ती खूप रडली त्या दिवशी. पण त्यानंतर तिने तो विषय पुन्हा काढला नाही. या एका फोनसाठी मी तुमची आयुष्यभर ऋणी आहे.

एजंटाचंही लिहायला हवं. मेक्सिकोवरून नेतो, पैसे पोचल्यावर द्या, असं तो म्हणत होता, आणि माझा भाऊ मनाने अर्धा निघाला होता. तुम्ही आवाज चढवला नाहीत. त्याला समोर बसवून सांगितलंत की हद्दपारीनंतर चोरून आत शिरणं हा तिथे तुरुंगात नेणारा गुन्हा आहे. शिवाय मग बंदी कायमची होते, आणि अमेरिकेबाहेर १० वर्षं काढल्याशिवाय परवानगी मागायचीही सोय उरत नाही. "तुझी मुलगी तोवर केवढी होईल ते मोज," एवढंच म्हणालात. त्याने एजंटाचा नंबर तिथेच पुसून टाकला.

सगळ्यात कठीण गोष्ट तुम्ही आमच्या आईला सांगितलीत. माफीच्या अर्जात कुणाचे हाल मोजायचे हे कायद्याने ठरवलेलं आहे: नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेली पत्नी वा पती, किंवा आईवडील. म्हणजे आमच्या बाबतीत फक्त भावजय. इथे गोव्यात, साखळी गावात बसून डोळ्यांत पाणी आणणाऱ्या आईचं त्यात काही मोजलं जात नाही. बापाशिवाय वाढणाऱ्या माझ्या भाचीचं दुःखसुद्धा तिच्या आईवर त्याचा काय भार पडतो, एवढ्यापुरतंच. नागरिक असूनही ती बापासाठी स्वतः अर्ज करणार ती २१ वर्षांची झाल्यावर. आईला हा अन्याय वाटला, मलाही वाटतो. तुम्ही त्या कायद्याची बाजू घेतली नाहीत, पण तिला खोटा धीरही दिला नाहीत. तिचा हात धरून बसून राहिलात.

मग भावजयीकडून लिहून घेतलंत, दोन्ही बाजूंनी: तो नसताना तिकडे तिचं काय होतं आहे, आणि ती गोव्यात राहायला आली तर काय होईल. नोकरी, औषधोपचार, घराचं कर्ज, मुलीची शाळा, प्रत्येक गोष्टीला कागद. सगळं सोडून इकडे यायला ती तयार होती, पण स्पॉन्सरचं, म्हणजे त्याच्या खर्चाची हमी देणाऱ्याचं, वास्तव्य अमेरिकेत असावं लागतं हे तुम्ही वेळीच सांगितलंत. तिची मिळकत तिथल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांपर्यंत पोचत नव्हती, तेव्हा तिच्या काकांना जोड स्पॉन्सर करायला सुचवलंत. आमच्या वडिलांच्या आडनावाचं जन्मदाखल्यावरचं पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळत नव्हतं, तेही तुमच्याच नजरेने पकडलं.

तुम्ही वकील नाही, तिकडे एका वकिलाच्या ऑफिसात वर्षानुवर्षं फायली लावल्यात, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट केलंत. सही आणि सल्ला तिथल्या वकिलाचाच, असा तुमचा आग्रह. आमच्याकडून झेरॉक्सचे पैसेही घेतले नाहीत.

भावाच्या व्हिसाच्या मुलाखतीसाठी मुंबईला निघालो, त्या संध्याकाळी थिवीला कोकणकन्या पकडण्याआधी तुमचा फोन आला. "उद्या नकारच मिळेल. तो कागद नीट जपून आणा, पुढचे अर्ज त्याच्यावरच उभे राहतात." बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीतून भाऊ बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात नकाराचाच कागद होता. त्याच्यासारखीच चिठ्ठी घेऊन एक पोरगा फुटपाथवर बसून हुंदके देत होता, त्याला वाटलं होतं सगळं संपलं. माझ्या भावाने आपला कागद फाइलीत घातला आणि म्हणाला, "ताई, चहा घेऊया." मग आम्ही त्या पोरालाही सोबत नेलं, आणि तुम्ही आम्हाला सांगितलेलं सगळं भावाने त्याला सांगितलं.

दोन्ही अर्ज एकत्र गेले, पावत्या आल्या. निर्णय अजून यायचा आहे. तो अर्ज पाहणाऱ्याच्या मर्जीवर असतो, कितीही चांगली फाइल असली तरी नाही म्हणू शकतात, हेही तुमचंच सांगणं. भाऊ आता म्हापशात एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला लागला आहे. रोज रात्री लेकीला व्हिडिओ कॉल करतो, तिचा अभ्यास घेतो.

बाई, भावजय आणि भाची चतुर्थीला येणार आहेत. तुम्हाला भेटल्याशिवाय परत जाणार नाही असं तिने बजावलं आहे, आणि आई नेवऱ्या घेऊन येणार आहे. आधी फोन करून येऊ.

तुमची,
साखळीची एक मोठी बहीण