ज्यू प्रार्थनागीत बसवताना

संपादक महोदय,

सर्वधर्म प्रार्थनेत ज्यू गीत घ्यायचं तर आधी वार बघावा. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस असतो. परंपरा पाळणाऱ्या सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनागृहात) तेव्हा वाद्य वाजत नाही. तार तुटली तर हात आपोआप दुरुस्तीकडे जाईल, आणि दुरुस्ती त्या दिवशी वर्ज्य. सारा भार गळ्यावर.

तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाच्या गुंडाळीत नुसती अक्षरं असतात. स्वरचिन्हं नाहीत, विराम नाहीत, चालीच्या खुणाही नाहीत. वाचणारा छापील प्रतीवरून चाल पाठ करून येतो. अर्थ बदलेल अशी चूक झाली की शेजारी उभे असलेले लगेच थांबवतात, शब्द पुन्हा म्हणायला लावतात. वाक्य कुठे तोडायचं, हे चालच सांगते. बायबलमधल्या यशया या ग्रंथाच्या ४०व्या अध्यायात ‘वाणी पुकारते रानात वाट करा’ असं आहे. ‘वाणी पुकारते’ इथे थांबलं तर वाट रानात करायची. ‘रानात’पाशी थांबलं तर वाणीच रानातली. परंपरेची खूण पहिल्या जागी आहे.

‘कोल निद्रे’ मंचावर आणूच नये, असं आमचं मत. योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळचा तो नवस-शपथा रद्द करण्याचा, जवळपास कायदेशीर मजकूर. तीनदा, दर वेळी आवाज चढवत म्हणतात. तिथे टाळ्या कसल्या? त्यापेक्षा ‘अदोन ओलाम’ हे स्तोत्र घ्यावं, ते कितीतरी चालींत बसतं. किंवा बेने इस्रायलींच्या, म्हणजे आपल्याकडच्या मराठी ज्यूंच्या, मलिदा या आभारविधीतलं ‘एलियाहू हन्नावी’ हे एलिया संदेष्ट्याचं गीत. तेव्हा समोर गोड पोहे, खोबरं, फळांचं ताट असतं. याच समाजाने १८८०च्या सुमारास बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं सुरू केली. सोलापुरात पेटी-टाळ वाजवणारे हवे तितके मिळतील. कार्यक्रम फक्त गुरुवारी ठेवा.

– काही वाचक, सोलापूर