बोटे गेली, वर निष्काळजीही तोच!

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात सातव्या पानावर मटण कापायच्या मशीनमध्ये कामगाराची बोटे गेल्याची बातमी वाचली. 'कामगाराच्या निष्काळजीपणामुळे' हे आपल्या वार्ताहराला कुणी सांगितले, मशीनने की मालकाने?

माझा पुतण्या २०१८ च्या आखाडात सांगलीतल्या एका मोठ्या किराणा दुकानाच्या मटण विभागात कामाला होता. रविवार, दाराबाहेर रांग, हाडे कापायच्या करवतीपुढे नळ्यांचा ढीग. तुकडा पुढे सरकवायचा ट्रे मालकाने आधीच काढून ठेवलेला. 'त्यानं खोळंबा होतो.' डाव्या हाताची दोन बोटे गेली. सोबतच्या पोराने घाबरून ती उचलली आणि थेट बर्फात खुपसली. त्या दुकानात बर्फाला काय तोटा! मिरजेला पोचेपर्यंत जोडण्यासारखे काही उरले नव्हते. बोट स्वच्छ ओल्या कपड्यात गुंडाळून पिशवीत घालायचे, मग ती पिशवी बर्फावर. बोटाला बर्फ लागू द्यायचा नाही, हे डॉक्टरांकडून कळले. एवढी ओळ दुकानात कुठे नव्हती. 'उधार मागू नये' मात्र तीन ठिकाणी होते.

(ते सोबतचे पोर सोळा वर्षांचे. अमेरिकेत अठराच्या आतल्या मुलाला किराणा दुकानातले असले मशीन धुवायलाही बंदी आहे म्हणे. आपल्याकडे मशीन धुणे हेच त्याचे काम होते.)

तेव्हाच्या १९२३ च्या भरपाई कायद्यात एका हाताची दोन बोटे म्हणजे कमाईची ताकद २० टक्के कमी, असा हिशेब होता. कामगार प्यायलेला असेल, त्याने मुद्दाम नियम मोडला असेल किंवा सुरक्षेचे साधन स्वतः काढले असेल, तर मालकाला पळवाट होती. नुसत्या निष्काळजीपणाला नव्हती! आमच्या हाती पडले पाच हजार रुपये, आणि 'पोरगं धांदरट आहे' हा शेरा फुकट.

बातमीच्या शेवटी 'हातमोजे वापरावेत' असा सल्लाही आहे. धन्य! चालत्या करवतीत मोजा अडकला की तो हातच आत ओढतो. जाळीचे मोजे सुरीसाठी असतात, करवतीसाठी नाही. सल्ला देण्यापूर्वी एखाद्या खाटकाला तरी विचारायचे.

त्याच बातमीखाली चिकनवर सवलतीची अर्धे पान जाहिरात होती, त्याबद्दल अभिनंदन. आणि गेले तीन रविवार शब्दकोड्यातली उभी-आडवी जुळत नाहीत, तेही बघावे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, विश्रामबाग, सांगली
(नाव छापू नये. पुतण्या अजून याच गावात काम शोधतो आहे.)