विषय : रात्रीच्या फोटोतले हिरवे ठिपके आणि ‘लेन्स पुसा’ हे उत्तर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

तुमच्या माणसाशी चौथ्यांदा बोलून आत्ताच फोन ठेवला आणि लिहायला बसले. रात्रीच्या फोटोत दिवा आला, की तुमच्या फोनमध्ये हिरवे ठिपके उमटतात. माझ्या वडिलांनी नातीला पहिल्यांदा हातात घेतलं, तेव्हाचा फोटो आहे. वर डावीकडे तीन दिवे, खाली उजवीकडे तीन हिरवे ठिपके, त्यातला एक थेट बाळाच्या कपाळावर. काळ्या आभाळावर असता तर खोडून टाकला असता. कपाळावरचा खोडला, तर तिथली कातडी मेणासारखी दिसते.

चारही वेळा एकच उत्तर : लेन्स पुसा. पुसली. कव्हर काढूनही पाहिलं.

आज मी शांतपणे समजावून सांगितलं. दिवा डावीकडे वर असला, की ठिपका उजवीकडे खाली येतो. फोन वळवला, की दिवा एका बाजूला सरकतो आणि ठिपका उलट बाजूला. दिवा बरोबर मधोमध आणला, तर ठिपका त्यातच मिसळतो. बोटांचे ठसे असते, तर दिव्याभोवती धुरकट पसारा किंवा लांब रेघ आली असती. पलीकडून की-बोर्डचा आवाज. मग, “मॅडम, कुठल्या कापडाने पुसली?” मऊ कापडाने, म्हटलं. “एकदा पुन्हा पुसून बघा.” मी म्हटलं, अहो, आत्ताच तुम्हाला सांगितलं ना! त्यावर, “मग मॅडम, दिव्यासमोर रात्री फोटो काढू नका.” हे मला तुमच्या कंपनीतला माणूस सांगतो! नंतर अकरा मिनिटं होल्डवर ठेवलं, फोन कटला आणि मेसेज आला : ‘आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे.’ कुणी केलं निवारण? कधी?

परावर्तन कमी करणारा लेप नसलेल्या काचेच्या एकेका पृष्ठभागावरून सुमारे 4 टक्के प्रकाश परत फिरतो, चांगला लेप असला तर 1 टक्क्याहूनही कमी, हे तुमच्या इंजिनियरांना मी सांगायला नको. फोटो टिपणाऱ्या सेन्सरवरून उलटलेला प्रकाश भिंगांवर आपटून पुन्हा सेन्सरवर पडतो, तोच हा ठिपका. दिवसा तो उजेडात लपतो. रात्री नाइट मोड अंधार उजळवतो, त्याबरोबर ठिपकाही उजळतो. थोडंफार हे सगळ्याच फोनमध्ये होतं, मान्य. पण तुमच्याच कंपनीच्या माझ्या जुन्या फोनवर, त्याच जागेवरून, त्याच दिव्यांसमोर ठिपका जेमतेम दिसतो. म्हणूनच तुमच्यावर विश्वास ठेवून हा नवा घेतला होता. दोन्ही फोटो चार वेळा पाठवले. एकदा तरी कुणी उघडून पाहिले का?

चौकटीबाहेरचा दिवा मी तळहाताने झाकते. चौकटीतला कसा झाकू?

कॅमेरा तपासा आणि दोष असेल तर बदलून द्या. नसेल, तर या मॉडेलमध्ये असंच होतं असं लेखी द्या, आणि मग जाहिरातीत रात्रीचे फोटो मिरवणं बंद करा. 15 दिवसांत उत्तर आलं नाही, तर हे पत्र, फोटो आणि ‘निवारण झालं’ हा मेसेज घेऊन मी ग्राहक आयोगात जाणार आहे. पुन्हा लेन्स पुसायला सांगणारा फोन आला, तर तोही तक्रारीत नोंदवीन.

दोन्ही फोटो पाचव्यांदा सोबत जोडले आहेत.

तुमची एक जुनी ग्राहक