पूररेषा खांबांवर रंगवा

महोदय,

नांदेडच्या जुन्या भागात माझं किराणा दुकान आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये गोदावरीवरच्या विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले, तेव्हा आम्ही सगळे नदीकडे डोळे लावून बसलो होतो. पाणी आलं ते मागून, नाल्यातून! गोदावरी तुडुंब भरली की नाल्याचं पाणी नदीत उतरत नाही, उलटं गल्लीत शिरतं. खालच्या थरातली साखर-डाळीची अकरा पोती गेली. विमा होता, पण मागच्या खोलीतला माल त्यात धरलेलाच नव्हता. पॉलिसी आधी वाचली नाही, हा दोष माझाच.

मग पूररेषेची माहिती काढली. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. शेजारी म्हणतात, "आता पंचवीस वर्षं निवांत." तसं नसतं हो. निळ्या रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता दरवर्षी शंभरात चार असतेच. घराचं वीस वर्षांचं कर्ज फिटेपर्यंत ती निम्म्याच्या वर जाते.

रेषा नुसती नकाशावर असून आम्हाला काय उपयोग? महापालिकेने ती विजेच्या खांबांवर, शाळांच्या भिंतींवर रंगवावी. धरणातून सोडलेलं पाणी क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट असं सांगतात, ते आमच्या डोक्यावरून जातं. कोणत्या गल्लीत किती फूट पाणी चढेल, तेही सोबत सांगावं. तोवर मी पोत्यांखाली दोन फूट उंचीची लोखंडी मांडणी करून घेतली आहे.

– एक किराणा दुकानदार, नांदेड